सरकारचा शब्द आणि कसबा पेठ

पुण्याच्या पेठांत कसबा ही सर्वांत जुनी. ग्रामदैवत गणपती तिच्यांत आहे, लाल महालाची जागा तिच्यांत आहे आणि शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तिच्या तोंडाशीं आहे. परंतु ह्या पेठेची ओळख देवळाइतकीच तिच्यांतील कसबी हातांची आहे. तांबट आळींत तांब्याचीं भांडीं मठारलीं जात, कुंभार वेशीकडे मडकीं घडत, कागदीपुऱ्यांत हातकागद होई. घेणारा मडकें बोटानें वाजवून घेई. दुकानदार त्याचा रुपया दगडावर टाकून नाद ऐके. वस्तु अखंड आहे कीं तडकलेली, हें आवाज सांगतो, ही तेथील पिढीजात परीक्षा.

१९३९ ते १९४५ ह्या सहा वर्षांत पुण्यांतील घराघरांनीं हीच परीक्षा सरकारच्या शब्दाला लावली. त्या परीक्षेंत सरकारचा शब्द बद्द वाजला. तो तसा कां वाजला, आणि शब्दाची पत गेली म्हणजे राज्यकर्त्यांचें काय होतें व प्रजेचें काय होतें, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभींच एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी. दुसरें महायुद्ध हिंदी लोकांना अप्रिय झालें, तें हिटलरविषयीं त्यांना आपुलकी होती म्हणून नव्हे. फॅसिझमचा निषेध काँग्रेसनें युद्धापूर्वींच केला होता. जपानी आक्रमणाखालीं पिचणाऱ्या चीनच्या साह्यास १९३८ सालीं जें हिंदी वैद्यकीय पथक गेलें, त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते; रुग्णांची सेवा करतां करतांच ९ डिसेंबर १९४२ रोजीं त्यांनीं त्या परभूमीवर देह ठेवला. तेव्हां जगांतील लढा कोणत्या दोन बाजूंमध्यें आहे हें मराठी माणसाला उमजत नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. त्याचा प्रश्न निराळा होता. स्वातंत्र्यासाठीं म्हणून जें युद्ध पुकारलें, त्यांत आपलें स्वातंत्र्य कोठें बसतें, हा तो प्रश्न होता. त्याला सरळ उत्तर कधींच मिळालें नाहीं.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांनीं हिंदुस्थान युद्धांत सामील झाल्याचें जाहीर केलें. प्रांतोप्रांतीं लोकांनीं निवडून दिलेलीं मंत्रिमंडळें अधिकारावर होतीं. मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर मुख्य मंत्री होते. त्यांपैकीं कोणासहि विचारण्यांत आलें नाहीं. चाळीस कोटींच्या देशानें मरावें कीं मारावें, ह्याचा निर्णय एका परकी अधिकाऱ्याच्या सहीनें झाला. युद्धाचे हेतु काय आणि ते हिंदुस्थानास लागू आहेत काय, असें काँग्रेसनें विचारलें. उत्तर समाधानकारक नाहीं असें ठरतांच नोव्हेंबर १९३९ मध्यें खेर मंत्रिमंडळानें इतर काँग्रेस मंत्रिमंडळांप्रमाणें राजीनामा दिला. वाड्याची गृहिणीहि लग्नकार्य ठरवितांना घरांतील वडीलधाऱ्यांस विचारते. राज्यकर्त्यांनीं तेवढाहि उपचार केला नाहीं. अविश्वासाचें पहिलें बीज ह्या न विचारण्यांत आहे.

पुण्याच्या बाबतींत त्याला एका जुन्या आठवणीचीहि जोड होती. पहिल्या महायुद्धांत, १० जून १९१८ रोजीं, मुंबईच्या टाउन हॉलमध्यें गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांनीं युद्धपरिषद भरविली. लोकमान्य टिळकांस तिचें निमंत्रण होतें. स्वराज्याच्या हक्काशिवाय लोकांच्या मनांत युद्धाविषयीं उत्साह कसा यावा, हा मुद्दा ते मांडूं लागतांच राजकीय चर्चा येथें चालणार नाहीं म्हणून गव्हर्नरांनीं त्यांस अडविलें. लोकमान्य परिषद सोडून निघून गेले. पुढल्याच वर्षीं, युद्ध संपल्यावर, युद्धकाळांतील जबरदस्त अधिकार शांततेच्या काळींहि सरकारच्या हातीं ठेवणारा रौलट कायदा झाला. माणसें आणि पैसा देऊन बदल्यांत काय मिळालें, ह्याचा हिशेब ज्यांनीं १९१९ सालीं तरुणपणीं पाहिला होता, ते १९३९ सालीं घरांतील कर्ते पुरुष होते. नव्या आश्वासनांना त्यांचे कान तयार नव्हते.

ह्या अविश्वासाचा पहिला मोठा आविष्कार सभेंत झाला नाहीं. तो घरांतल्या फडताळांत आणि कोनाड्यांत झाला. मे-जून १९४० मध्यें फ्रान्स पडला आणि लोकांनीं नोटा मोडून चांदीचे रुपये सांठविण्यास सुरुवात केली. ज्याच्या कागदावर सही आहे तो उद्यां असेल कीं नसेल, अशी शंका आली कीं माणूस धातूकडे वळतो. सरकारनें जून १९४० मध्यें भारत संरक्षण नियमांखालीं गरजेपेक्षां अधिक नाणीं जमविणें हा गुन्हा ठरविला. जुलै महिन्यांत एक रुपयाची नोट चलनांत आली. त्याच सालीं नव्या रुपयांतील चांदी घटवून निम्म्यावर आणण्यांत आली. व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे जुने, चोख चांदीचे रुपये मार्च १९४१ नंतर कायदेशीर चलन राहणार नाहींत असा हुकूम निघाला. हुकूमामागें चांदी वाचविण्याची निकड होती हें अर्थशास्त्रज्ञ सांगतील. परंतु ज्या बाईनें लग्नांत मिळालेले राणीछाप रुपये जपून ठेवले होते, तिनें त्यांतून एकच अर्थ काढला. सरकारला खरा रुपया परत हवा आहे आणि तें हातावर ठेवणार आहे हलका रुपया, हा तो अर्थ. पुढें चिल्लरहि दुर्मिळ झाली आणि १९४३ सालीं मध्यें भोंक असलेला तांब्याचा पैसा आला. वर्तमानपत्रांतील कोणत्याहि अग्रलेखापेक्षां त्या भोंकाच्या पैशानें सरकारची ओढगस्त घरोघर अधिक स्पष्टपणें सांगितली.

उघड निषेधाचा मार्ग महात्मा गांधींनीं आधीं अगदीं अरुंद ठेवला होता. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं पवनार येथें विनोबा भाव्यांनीं वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. एकेका निवडक माणसानें पुढें यावें, ह्या युद्धास माणसांची किंवा पैशाची मदत करणें योग्य नाहीं एवढेंच शांतपणें बोलावें आणि तुरुंगांत जावें, असें त्याचें स्वरूप होतें. अडचणींत सांपडलेल्या सरकारला अधिक अडविण्याचा त्यांत हेतु नव्हता. बोलण्याचा हक्क तेवढा मागितला होता. देशभर वीस हजारांहून अधिक माणसांना ह्या बोलण्यापायीं शिक्षा झाल्या. ह्यावरून शहाण्या राज्यकर्त्याला एक सूचना मिळावयास हवी होती. जो निषेध नांव सांगून, वेळ कळवून, एकटा रस्त्यावर उभा राहतो, तो राज्याचा शत्रु नसतो. राज्याशीं अजून बोलूं इच्छिणारा तो शेवटचा माणूस असतो. त्याला गप्प केल्यावर पुढें जो येतो, तो नांव सांगत नाहीं.

१९४२ सालच्या आरंभीं सरकारी शब्दाची आणखी एक कसोटी झाली. अभेद्य म्हणून ज्याचा डांगोरा पिटला होता, तें सिंगापूर १५ फेब्रुवारीस पडलें आणि मार्चमध्यें रंगून गेलें. ब्रह्मदेशांतून जीव घेऊन आलेल्या हिंदी निर्वासितांनीं सांगितलेल्या हकीकती मुलखांत पसरल्या. गोऱ्यांसाठीं निघण्याची एक वाट आणि काळ्यांसाठीं दुसरी, हें त्यांतील सूत्र होतें. मार्च-एप्रिलमध्यें क्रिप्ससाहेब वाटाघाटींस आले. युद्धानंतर काय देऊं हें त्यांनीं सांगितलें. आज देशाच्या संरक्षणाचा कारभार कोणाच्या हातीं, येथें बोलणें मोडलें. भविष्यकाळांतील वचन आणि वर्तमानकाळांतील नकार अशी ती जोडी होती.

मग ऑगस्ट आला. ८ तारखेस रात्रीं मुंबईस गवालिया टँकवर ठराव झाला आणि ९ तारखेस, रविवारीं, पहांट फुटण्यापूर्वीं पुढारी पकडले गेले. गांधीजींना आगगाडीनें आणून चिंचवडला उतरवून घेतलें आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्यें ठेवलें; कार्यकारिणीचे इतर सभासद अहमदनगरच्या किल्ल्यांत गेले. अशा रीतीनें ह्या लढ्यांतील सर्वांत मोठा बंदिवान पुण्याच्याच वेशीवर येऊन राहिला. त्याच्यासह कैदेंत असलेले महादेवभाई देसाई सहाव्याच दिवशीं, १५ ऑगस्टला, तेथें वारले.

कसबा पेठेंतून नव्या पुलावरून नदी ओलांडली म्हणजे पलीकडे काँग्रेस भवन लागतें. त्या वास्तूवर तिरंगा फडकविण्यासाठीं जी मुलें ऑगस्टमध्यें पुढें सरसावलीं, त्यांत नारायण दाभाडे हा सोळा वर्षांचा मुलगा होता. पोलिसांच्या गोळीनें तो तेथें मरण पावला. काँग्रेस भवनाच्या आवारांत त्याचें स्मारक आहे. झेंड्याची काठी हातीं धरलेल्या सोळा वर्षांच्या मुलावर गोळी झाडावी लागते, त्या राज्याजवळ दुसरें कोणतें बोलणें शिल्लक उरलें नव्हतें, हेंच त्या गोळीनें जाहीर केलें.

पुढाऱ्यांबरोबर बातमीहि कैद झाली. चळवळीची हकीकत सरकारी किंवा सरकारनें मान्य केलेल्या वाटेनें येईल तेवढीच छापावी, असे निर्बंध वृत्तपत्रांवर आले. १९३३ सालीं पुण्यांतूनच ज्याचा पहिला अंक निघाला होता, तें गांधीजींचें 'हरिजन' पत्र बंद पाडण्यांत आलें. परंतु बातमीची भूक हुकुमानें मरत नाहीं. चक्रमुद्रेवर काढलेलीं पत्रकें हातोहात फिरूं लागलीं. मुंबईंत ऑगस्टच्या अखेरीस उषा मेहता ह्या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीनें व तिच्या सोबत्यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२·३४ मीटरवर तो ऐकूं येई. केंद्राची जागा वारंवार बदलीत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला. त्या दिवशीं पोलिसांनीं तो पकडला. इकडे बर्लिनहून सुभाषबाबूंच्या आझाद हिंद रेडिओचा आवाज येत होता.

रेडिओच्या श्रोत्यांना ह्यांतील मर्म वेगळें सांगावयास नको. सरकारजवळ मोठमोठीं प्रक्षेपक यंत्रें होतीं. ह्या मुलांजवळ एक जुजबी यंत्र आणि पकडले जाण्याचें भय होतें. तरीहि लोक दार लोटून, आवाज बारीक करून त्यांचेंच ऐकत. ह्याचा एक तोटाहि झाला, आणि तो झांकून ठेवणें योग्य नाहीं. जेथें खऱ्या बातमीला बंदी असते तेथें खोटी बातमीहि खऱ्याच्या भावानें विकली जाते. अमुक शहर पडलें, तमुक पलटण उठली, अशा कंड्या पिकत आणि त्यांची शहानिशा करण्याचें साधन कोणाजवळ नसे. सरकारी पत्रक एखादे वेळीं अक्षरशः खरें असलें तरी त्यावर कोणी विश्वास ठेवीत नसे. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट त्या काळीं मुंबईच्या सचिवालयाला लागू पडत होती.

ह्याचें सर्वांत बोलकें उदाहरण चिमूरचें आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें मिरवणुकीवर गोळीबार झाला. खवळलेल्या जमावानें कांहीं सरकारी अधिकारी व पोलीस ठार केले. मग गांवांत फौज आली आणि तिनें घरांत शिरून स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. मागणी साधी होती: निःपक्षपाती चौकशी करा. सरकारनें ती नाकारली. सेवाग्राम आश्रमाचे प्रा. भन्साळी दिल्लीस व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद बापूजी अणे ह्यांच्या घरीं गेले आणि चौकशीसाठीं त्यांनीं तेथें उपवास आरंभिला. पोलिसांनीं त्यांस तेथून हलविलें. पुढें सेवाग्रामीं त्यांचा उपवास ६३ दिवस चालला. त्या उपवासाचें नांवहि छापूं नये असा हुकूम निघाला. तेव्हां जानेवारी १९४३ मध्यें देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं निषेध म्हणून एक दिवस अंकच काढला नाहीं. न छापलेला अंक त्या दिवशीं छापलेल्या अंकापेक्षां अधिक वाचला गेला, असेंच म्हणावें लागेल. १२ जानेवारीस समेट होऊन उपवास सुटला, बातमीवरील बंदी उठली. पण स्वतंत्र चौकशी झाली नाहीं. चौकशी झाली असती तर कदाचित् कांहीं आरोप खरे ठरते, कांहीं पडते. ती न झाल्यामुळें सर्वच आरोप लोकांनीं खरे मानले, आणि तसें मानण्याचा त्यांना अधिकार होता.

पुढच्याच महिन्यांत कसोटी पुण्यांतच लागली. १० फेब्रुवारी १९४३ रोजीं गांधीजींनीं आगाखान पॅलेसमध्यें २१ दिवसांचा उपवास सुरू केला. दंगलींचा सर्व दोष काँग्रेसवर टाकणारी पुस्तिका सरकारनें त्याच महिन्यांत प्रसिद्ध केली. आरोप खरे असतील तर ते न्यायासनासमोर सिद्ध करा, हें गांधीजींचें म्हणणें होतें. सरकारनें तो मार्ग धरला नाहीं. १७ फेब्रुवारीस व्हाइसरॉयच्या मंडळांतून तीन सभासदांनीं राजीनामे दिले: सर होमी मोदी, नलिनीरंजन सरकार, आणि ज्यांच्या दारीं भन्साळी जाऊन बसले होते ते यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. ज्यांनीं सरकारच्या पंक्तीला बसण्याचा बोल पत्करला होता, त्यांनाहि आतां पानावर बसवेना.

ह्या २१ दिवसांतील एक लहानशी गोष्ट मात्र मोठी शिकवण देणारी आहे. उपवासांत गांधीजींच्या प्रकृतीचें पत्रक रोज निघे आणि त्यावर सहा डॉक्टरांच्या सह्या असत. सर्जन जनरल कँडी व कर्नल भंडारी हे सरकारी अधिकारी त्यांत होते, कलकत्त्याचे डॉ. बिधनचंद्र रॉय होते, आणि डॉ. गिल्डर व डॉ. सुशीला नायर हे तर स्वतः राजबंदी होते. ह्या पत्रकाकडे सारा देश डोळे लावून बसे आणि त्यांतील शब्द खरा मानी. कागद तोच, तुरुंग तोच, सरकारहि तेंच; मग ह्या पत्रकाला पत कां? कारण त्यावर एकट्या सरकारची सही नव्हती. ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे अशा माणसालाहि रोग्याची नाडी पाहूं दिली होती. शब्दाची पत परत मिळविण्याचा मार्ग सरकारला त्याच्याच कैदखान्यांत सांपडला होता. पण राज्यकारभारांत त्यानें तो वापरला नाहीं.

बोलण्याचे दरवाजे असे एकामागून एक लागले म्हणजे मागल्या दारानें काय येतें, हें पुण्यानें त्याच सुमारास पाहिलें. २४ जानेवारी १९४३ रोजीं रात्रीं लष्कर भागांतील कॅपिटॉल चित्रपटगृहांत बाँबचा स्फोट झाला आणि कांहीं ब्रिटिश सैनिक ठार झाले. हेंच चित्रपटगृह पुढें व्हिक्टरी ह्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ह्या प्रकरणांत पकडलेल्या तरुणांत भास्कर कर्णिक होते; लष्कराच्या दारूगोळा खात्यांत ते नोकरीस होते. कसबा पेठेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या फरासखान्याच्या पोलीस चौकींत त्यांनीं विष घेऊन प्राण दिला. सहकाऱ्यांचीं नांवें आपल्या तोंडून जाऊं नयेत म्हणून त्यांनीं तसें केलें असें सांगतात. फरासखान्यापाशीं त्यांचें स्मारक आहे.

त्या तरुणाचें धैर्य नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. त्याबरोबर हेंहि विसरतां येणार नाहीं कीं, चित्रपट पाहण्यास आलेला तो परदेशी शिपाई हिंदुस्थानचा व्हाइसरॉय नव्हता. त्यालाहि कोणी विचारून युद्धांत आणलें नव्हतें. गुप्त व हिंसक मार्ग गांधीजींस मान्य नव्हता आणि १९४४ सालीं सुटून आल्यावर भूमिगतांनीं प्रकट व्हावें असाच सल्ला त्यांनीं दिला. अनेकांना तो पटला नाहीं. सातारा जिल्ह्यांत तर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालीं लोकांनीं इंग्रजांची कोर्टकचेरी टाकून आपलें प्रतिसरकार उभें केलें आणि १९४६ पर्यंत चालविलें. सरकारवरील अविश्वास पराकोटीस गेला म्हणजे लोक दुसरें सरकार करतात, हा त्याचा अर्थ.

परंतु ही सर्व हकीकत एकाच सुरांत सांगितली तर ती खरी होणार नाहीं. त्याच काळांत सुमारे २५ लाख हिंदी माणसें फौजेंत दाखल झालीं, आणि मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे व नामदेव जाधव ह्या दोघांनीं इटलीच्या रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे तर तेथेंच पडले. सावरकर तरुणांना सैन्यांत शिरून शस्त्रविद्या हस्तगत करा असें सांगत होते. रशियावर स्वारी झाल्यानंतर कम्युनिस्ट त्याच युद्धाला लोकयुद्ध म्हणूं लागले. खडकी आणि देहूरोड येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांनीं व कोठारांनीं पुण्याच्या कित्येक कुटुंबांस पगार दिला. एकाच वाड्यांत एका बिऱ्हाडाचा मुलगा येरवड्यास राजबंदी, दुसऱ्याचा खडकीस कामगार आणि तिसऱ्याचा पलटणींत, असें चित्र त्या काळीं अशक्य नव्हतें. आणि नळावर त्या तिघांच्या आया एकत्रच पाणी भरीत. त्यांतील कोणाचें देशप्रेम खरें ह्यावर ओट्यांवर वाद झाले असतील. पण सरकार जें सांगतें तें तसेंच घ्यावें, असें त्या तिघींपैकीं एकीलाहि वाटत नव्हतें. मतभेद मार्गांविषयीं होता. अविश्वास सामाईक होता.

त्यांत महागाईनें भर घातली. युद्धारंभीं देशांत सुमारें १८० कोटी रुपयांच्या नोटा खेळत होत्या. १९४५ च्या अखेरीस त्यांचा आंकडा १,२०० कोटींच्या वर गेला. ब्रिटन हिंदुस्थानांत जो युद्धखर्च करी, त्याचे पैसे लंडनमध्यें स्टर्लिंगच्या रूपानें जमा होत आणि येथें त्यांच्या तारणावर नोटा छापल्या जात. माल वाढला नाहीं, कागद वाढला. मग तोच कागद घेऊन बाजारांत गेलेल्या माणसाला पूर्वींच्या निम्मेंहि धान्य मिळेना. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील धनंजयराव गाडगीळ व सोवनी ह्यांनीं १९४३ सालींच युद्धकालीन आर्थिक धोरणाची चिकित्सा करणारें पुस्तक लिहिलें. मुंबईंत मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झालें. पुढें पुण्यांतहि शिधापत्रिका आल्या. बंगालमध्यें तर दुष्काळानें लाखों माणसें मेलीं. सरकारी चौकशी समितीनेंच तो आंकडा सुमारें १५ लाख धरला आणि नंतरच्या अभ्यासकांनीं तो ३० लाखांपर्यंत नेला. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'नें ऑगस्ट १९४३ मध्यें रस्त्यावरील भुकेल्यांचीं छायाचित्रें छापलीं तेव्हां कोठें जगाला त्याचें खरें रूप दिसलें. म्हणजे येथेंहि तेंच: आधीं मौन, मग छायाचित्र, मग कबुली. आधींच्या मौनानें मेलेलीं माणसें नंतरच्या कबुलीनें परत आलीं नाहींत.

कस्तुरबाहि २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं पुण्याच्या त्याच कैदेंत वारल्या. ६ मे रोजीं गांधीजींची सुटका झाली. युद्ध इंग्रजांनीं जिंकलें आणि दोन वर्षांत राज्य सोडलें. त्याला कारणें अनेक आहेत. पण ज्याच्या शब्दावर रुपयाभर उसनवारहि कोणी देईना, असें राज्य केवळ पलटणींच्या बळावर किती दिवस चालणार, हें एक कारण त्यांत निश्चित धरावें लागेल.

ह्या हकीकतीला एक उत्तरार्ध आहे आणि तो सांगितल्यावांचून तिचा अर्थ पुरा होत नाहीं. १९६२ सालीं चीननें स्वारी केली तेव्हां राष्ट्रीय संरक्षण निधींत स्त्रियांनीं अंगावरचे दागिने काढून दिले. १९४० सालीं ज्या समाजानें चांदीचा रुपयाहि दडविला, त्यानेंच बावीस वर्षांनंतर सोनें आपण होऊन दिलें. माणसें बदललीं नव्हतीं. मागणारा आपला वाटत होता. त्या युद्धांत मानहानि झाली तेव्हां लोक पुन्हां संतापले; परंतु ह्या वेळीं संतापाला जाण्यास दार होतें. लोकसभेंत जाब विचारला गेला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन ह्यांना जावें लागलें आणि त्यांच्या जागीं महाराष्ट्रांतून यशवंतराव चव्हाणांना बोलावण्यांत आलें. बाँब झाला नाहीं, फरासखान्यांत कोणी विष घेतलें नाहीं. स्वराज्य आणि परराज्य ह्यांतील व्यवहारी भेद येथें दिसतो.

तथापि स्वराज्य झालें म्हणून परीक्षा संपली असें कोणीं समजूं नये. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी झाली, हेंडरसन ब्रुक्स व भगत ह्या दोन अधिकाऱ्यांनीं अहवाल दिला. पण अर्धें शतक उलटल्यावरहि सरकारनें तो जनतेपुढें ठेवला नव्हता. आपलें सरकारहि, संधि मिळाली कीं, न सांगण्याच्या मोहांत पडतें. सरकार परकें होतें म्हणून त्याचा शब्द वाजवून घ्यावयाचा आणि आपलें आहे म्हणून डोळे मिटून घ्यावयाचा, हा शहाणपणा नव्हे. बाजारांत ओळखीचा कुंभार भेटला तरी मडकें वाजवूनच घेतात; त्यांत कुंभाराचा अपमान नसतो. पाणी घरांतल्या लेकराबाळांना प्यावयाचें असतें.

तांब्याच्या भांड्याला कल्हई लागते, हें कसबा पेठेंतील मूलहि सांगेल. राज्याच्या भाषेलाहि थोडी कल्हई चालते. पण तडकलेल्या भांड्यावर कितीहि कल्हई चढविली तरी तें गळावयाचेंच. तें भट्टीवर धरून, सांधून, पुन्हां मठारावें लागतें. विचारून निर्णय घेणें, चौकशीस भिऊं नये, वाईट बातमी स्वतःच्या तोंडानें आधीं सांगणें आणि विरोध करणाऱ्यालाहि नाडी पाहूं देणें, ही ती सांधणूक आहे. १९४२ च्या सरकारला ती साधली नाहीं. त्याची किंमत काँग्रेस भवनापाशीं एका सोळा वर्षांच्या मुलानें, फरासखान्यांत एका तरुणानें आणि कॅपिटॉलमध्यें कांहीं परक्या शिपायांनीं दिली. ज्यांनीं शब्द मोडला त्यांपैकीं कोणालाहि ती द्यावी लागली नाहीं.